विद्यापीठात विचारावे कसे: ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि मदतकक्ष यांच्याशी व्यवहार करण्याची पद्धत

विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात नियमपुस्तिका हाती पडते आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी ती कपाटात जाते. शाळेत पुष्कळ गोष्टी न मागता मिळत होत्या. चेहरा पाहून वर्गशिक्षकांना काहीतरी बिनसल्याचे कळत असे, काम राहिले तर कोणीतरी हटकत असे. विद्यापीठात ग्रंथपाल, समुपदेशक, प्रयोगशाळेचे प्रमुख, शिष्यवृत्ती विभागातील कर्मचारी हे सगळे आपापल्या जागी असतात, परंतु विद्यार्थी दारात येऊन उभा राहीपर्यंत त्याची अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नसतो. त्यामुळे येथे सर्वांत आधी शिकण्याचे कौशल्य म्हणजे विचारणे, आणि तेही नेमके व वेळेत. पदवीच्या पहिल्या वर्षापासून संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत हे कौशल्य कोठे आणि कसे वापरावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

नियमपुस्तिकेतील चार मुदती

नियमपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. तीत चार गोष्टी शोधाव्यात आणि त्यांच्या तारखा लगेच दिनदर्शिकेत उतरवून ठेवाव्यात: विषय बदलण्याची किंवा सोडण्याची अंतिम मुदत, आजारपणामुळे परीक्षा चुकल्यास अर्ज किती दिवसांत करायचा हा नियम, काही काळ शिक्षण थांबवून पुन्हा सुरू करण्याची पद्धत, आणि निकालाविरुद्ध दाद मागण्याची मुदत. या चारही बाबतींत विद्यापीठाची मदत तारखेला बांधलेली असते. मी पाहिलेले नामंजूर अर्ज क्वचितच कारण खोटे म्हणून नामंजूर झाले होते. बहुतेक ठिकाणी कारण खरे होते, पण मुदत टळली होती, आणि समोरच्या अधिकाऱ्याला वाईट वाटूनही काही करता येत नव्हते.

ग्रंथपालाकडे काय मागावे

मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात बहुधा विषयवार ग्रंथपाल असतात, आणि पदवी हाती येईपर्यंत त्यांना एकदाही न भेटलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांना भेटायला जाताना ‘मला या विषयावरची पुस्तके हवी आहेत’ असे सांगितले, तर ते कपाट दाखवतील. त्याऐवजी ‘या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत काय लिहिले गेले आहे ते मला शोधायचे आहे, हे शब्द वापरून पाहिले, हे तीन लेख सापडले, यापुढे कसे जावे ते कळत नाही’ असे सांगितले, तर अर्ध्या तासात ते तुम्हांला जे दाखवतील ते एकट्याने शोधायला महिना लागला असता.

ते बहुधा दोन दिशांनी शोध कसा घ्यायचा ते दाखवतील. हाती असलेल्या एका चांगल्या पेपरच्या, म्हणजे शोधनिबंधाच्या, संदर्भसूचीतून मागे जाता येते, म्हणजे तो पेपर कोणत्या कामावर उभा आहे ते कळते. त्याच पेपरपासून पुढेही जाता येते, म्हणजे नंतर कोणकोणत्या पेपरांनी त्याचा आधार घेतला ते पाहता येते. ही दुसरी दिशा पद्धतशीरपणे खुली झाली ती यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली सुरू केलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या सूचीमुळे. आज तेच काम संगणकावर एका क्लिकमध्ये होते, पण ते करायचे असते हेच अनेकांना ठाऊक नसते. पुढे जाण्याची दिशा अधिक मोलाची आहे, कारण जुन्या पेपरमधील चूक नंतर कोणी दाखवून दिली असेल, तर ती येथेच सापडते.

हवा असलेला लेख विद्यापीठाच्या वर्गणीत नसेल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. दुसऱ्या ग्रंथालयातून तो मागवता येतो का, असे विचारावे. लेखकांनी त्याचा मसुदा खुल्या संग्रहात ठेवला आहे का ते पाहावे. भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र यांसाठी पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला ‘अर्काइव्ह’ हा असा सर्वांत परिचित संग्रह आहे. तेथेही नसेल तर लेखकालाच दोन ओळींची ई-मेल लिहावी. आपला लेख कोणाला तरी वाचायचा आहे, याचा लेखकाला बहुधा आनंदच होतो. सापडलेल्या प्रत्येक लेखाची नोंद पहिल्या दिवसापासून संदर्भ सांभाळणाऱ्या एखाद्या प्रणालीत करावी. झोटेरो ही अशी मोफत प्रणाली असून २००६ साली ती जॉर्ज मेसन विद्यापीठातून बाहेर आली. प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात संदर्भसूची हाताने जुळवत बसलेल्या माणसाची अवस्था पाहिली की हा सल्ला वेगळा पटवून द्यावा लागत नाही.

पेपर वाचताना

शोधनिबंध कादंबरीसारखा ओळीने वाचू नये. आधी शीर्षक, सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष पाहावेत, आणि लेखकांचा दावा स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहून काढावा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर अजून काही समजलेले नाही असे मानून पुन्हा सुरुवात करावी. त्यानंतर पद्धतीच्या भागाकडे वळावे आणि दावा त्या पद्धतीतून खरोखर निघतो का ते तपासावे. शंका समासात प्रश्नाच्या रूपात लिहाव्यात, कारण मार्गदर्शकांच्या भेटीत याच शंका कामी येतात.

एकच पेपर वाचून थांबण्याची सवय मात्र घातक आहे. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाकार रचनेवरील वॉटसन आणि क्रिक यांचा पेपर २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आला, हे सर्वांना माहीत असते, जेमतेम एका पानाहून थोडा मोठा असलेला तो पेपर मूळ रूपात जरूर वाचावा. पण त्याच अंकात त्याला लागूनच आणखी दोन पेपर होते, एक विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा आणि दुसरा रोझलिंड फ्रँकलिन व रेमंड गॉसलिंग यांचा, ज्यांत त्या रचनेला आधार देणारी क्ष-किरण छायाचित्रांची माहिती होती. यांतील गॉसलिंग हे त्या वेळी पीएचडीचे विद्यार्थी होते. शेजारचे पेपर वाचल्याशिवाय त्या शोधात कोणाचा किती हात होता ते कळत नाही.

प्रयोगशाळेत प्रवेश मागणारे पत्र

पदवीच्या काळात एखाद्या प्राध्यापकांच्या संशोधनात हातभार लावायचा असेल, तर जाहिरातीची वाट पाहण्याचे कारण नाही. अशा संधी बहुधा विचारणाऱ्याला मिळतात. अडचण अशी की प्राध्यापकांना येणारी बहुतेक पत्रे एकाच साच्याची असतात: ‘आपल्या थोर संशोधनाने मी भारावून गेलो आहे, मला आपल्या हाताखाली काम करण्याची संधी द्यावी.’ हेच पत्र एका वेळी वीस जणांना गेले आहे, हे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत समजते आणि त्याला उत्तर येत नाही.

उत्तर मिळण्याची शक्यता असलेले पत्र साधारणपणे पुढीलप्रमाणे असते:

‘आदरणीय मॅडम, मी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. पाण्यातील जड धातू शोषून घेणाऱ्या पदार्थांवरील आपला पेपर मी वाचला. त्यातील तिसऱ्या आकृतीत आम्लता वाढल्यावर शोषण कमी होते असे दिसते. त्याचे कारण पदार्थाच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराशी निगडित आहे का, हे मला नीट समजले नाही. या विषयावर काम करून पाहण्याची माझी इच्छा आहे. या सत्रात आठवड्यातून सहा तास मी देऊ शकते. मापनांची नोंद ठेवणे, जुना डेटा नीट मांडणे अशी प्राथमिक कामेही मी आनंदाने करीन. पुढील आठवड्यात पंधरा मिनिटे आपल्याला भेटता येईल का? आजवरच्या विषयांची यादी सोबत जोडली आहे.’

या पत्रात एक पेपर खरोखर वाचल्याची खूण आहे, किती वेळ देता येईल याचा आकडा आहे, आणि मागणी एवढी लहान आहे की ‘हो’ म्हणायला फारसा विचार करावा लागत नाही. देता येईल त्याहून जास्त वेळ मात्र कधीही कबूल करू नये. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच पत्राखाली एक नम्र आठवण पाठवावी. त्यानंतरही उत्तर नसेल तर दुसऱ्याकडे वळावे. त्यात अपमान मानण्यासारखे काही नसते, कारण ज्येष्ठ प्राध्यापकांच्या पेटीत अनेक पत्रे न वाचताच खाली सरकतात. विभागातील पीएचडीच्या विद्यार्थ्यांना गाठणे हा आणखी एक चांगला मार्ग आहे, कारण हाताखाली माणूस हवा आहे की नाही हे बहुधा त्यांनाच आधी कळते.

मार्गदर्शक निवडताना

पदवीच्या काळातील सहा तासांच्या कामात चूक झाली तर फार बिघडत नाही. पीएचडीसाठी मार्गदर्शक निवडताना मात्र चूक महागात पडते, आणि याच टप्प्यावर विद्यार्थी सर्वांत कमी प्रश्न विचारतात. प्राध्यापकांच्या पानावर पेपरांची संख्या, पुरस्कार आणि एच-निर्देशांक दिसतो. हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवला. एखाद्या संशोधकाचे २० पेपर असे असतील की त्यांपैकी प्रत्येकाचा इतरांनी किमान २० वेळा संदर्भ घेतला आहे, तर त्याचा निर्देशांक २० होतो. वय आणि विषय यांप्रमाणे तो खूप बदलतो, म्हणून गणितज्ञाची तुलना जीववैद्यकातील संशोधकाशी करण्यात अर्थ नाही. संशोधकाची पात्रता जर्नलच्या प्रभाव-गुणांकावरून, म्हणजे त्या जर्नलमधील लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो या आकड्यावरून, ठरवू नये, असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्ये निघाला, तो अशा आकड्यांवरच सगळे सोपवण्याची सवय फार वाढली म्हणून.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या आकड्यांची मोठी उणीव वेगळीच आहे. ज्यांच्या श्रमांवर ते उभे राहिले, त्यांची पुढे काय गत झाली हे त्यांतून कळत नाही. म्हणून आकडे पाहण्यात पाच मिनिटे घालवावीत आणि त्या गटातील आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोलण्यात पाच तास. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत: मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात? लिहिलेला मसुदा किती दिवसांत वाचून परत येतो? प्रयोग फसला तर गटात काय बोलले जाते? पीएचडी पूर्ण व्हायला गेल्या चार-पाच जणांना किती वर्षे लागली, आणि कोणी मध्येच सोडून गेले असेल तर का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर त्या गप्प बसण्याचीही नोंद घ्यावी. शक्य असेल तर गट सोडून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलावे, कारण गटात असलेला विद्यार्थी कितीही प्रामाणिक असला तरी सांभाळूनच बोलतो.

नोंदवही

प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रकार्यात पहिल्या दिवसापासून तारीख घालून नोंदवही लिहावी. काय केले एवढेच लिहून भागत नाही. काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, हेही लिहावे. न जुळणारी गोष्ट खोडू नये. फायलींच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात, आणि त्यांतील एक तुमच्या लॅपटॉपपासून दूर असावी.

या बाबतीत जोसेलिन बेल यांचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. १९६७ साली त्या केंब्रिजमध्ये अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करत होत्या. ज्या रेडिओ दुर्बिणीच्या उभारणीत त्यांनी स्वतः हातभार लावला होता, ती रोज सुमारे ३० मीटर लांबीचा आलेखाचा कागद बाहेर टाकत असे आणि त्याची तपासणी डोळ्यांनी करावी लागे. त्या कागदावर जेमतेम अर्धा सेंटीमीटर जागा व्यापणारी एक विचित्र खूण त्यांना दिसली. ती लुकलुकणाऱ्या रेडिओ स्रोतासारखीही नव्हती आणि पृथ्वीवरून येणाऱ्या व्यत्ययासारखीही नव्हती. अशीच खूण पूर्वी आकाशाच्या त्याच भागात दिसल्याचे त्यांना आठवले. जुने कागद काढून त्यांनी ते पडताळले, आणि मग आलेखाचा वेग वाढवून नोंद घेतल्यावर १.३३ सेकंदांच्या अंतराने येणारे स्पंद दिसले. ह्यूइश यांना सुरुवातीला ते मानवनिर्मित वाटले. आकाशाच्या वेगळ्याच भागात तशीच दुसरी खूण बेल यांना सापडली तेव्हा तो संशय मिटला. पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचा, शोध असा लागला. जुने कागद जपलेले नसते किंवा अर्ध्या सेंटीमीटरची ती खूण ‘यंत्राचा दोष’ म्हणून सोडून दिली असती, तर पडताळायला काही उरले नसते. त्यांच्या प्रबंधात हे पल्सार परिशिष्टात आले, कारण मूळ विषय वेगळा होता.

मार्गदर्शकांची साप्ताहिक भेट आणि मध्येच अडणारे काम

भेटीला जाताना एक पान घेऊन जावे. त्यावर गेल्या आठवड्यात काय झाले ते तीन-चार वाक्यांत, कोठे अडले ते एका वाक्यात, आणि आज कोणता निर्णय हवा आहे ते एका प्रश्नात लिहावे. ‘प्रयोग होत नाही’ हे वाक्य ऐकून कोणालाही मदत करता येत नाही. ‘तापमान ४० अंशांच्या वर नेले की द्रावण गढूळ होते, दोनदा नव्याने करून पाहिले, द्रावक बदलून पाहावा की तापमान कमी ठेवावे?’ असे विचारले की उत्तर मिळते. भेट झाल्यावर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी चार ओळींत ई-मेलने कळवाव्यात. ही सवय काहींना कारकुनी वाटते, पण सहा महिन्यांनी ‘मी असे सांगितलेच नव्हते’ असे वाक्य ऐकण्याची वेळ आली की या ओळी उपयोगी पडतात.

कामाच्या सुरुवातीलाच विचारायचा, आणि जवळजवळ कोणीही न विचारणारा, एक प्रश्न म्हणजे पेपरवर कोणाची नावे कोणत्या क्रमाने येणार. तो उद्धटपणा वाटेल या भीतीने विद्यार्थी गप्प बसतात आणि पेपर तयार झाल्यावर कुढतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी; आणि या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. अनेक जर्नले आता १४ भूमिकांच्या एका ठरावीक यादीतून कोणी काय केले हे लिहून मागतात. ‘या कामातून पेपर झाला तर माझी भूमिका त्या यादीत कोठे बसेल?’ असे विचारले, तर प्रश्न व्यक्तीवरून पद्धतीवर जातो आणि संकोच उरत नाही. याने सर्व अन्याय टळतात असे नाही. पल्सारच्या १९६८ च्या पेपरवर बेल यांचे नाव दुसरे होते, पण १९७४ चे नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. त्याउलट डॉना स्ट्रिकलंड यांनी पीएचडीच्या विद्यार्थिनी असताना जेरार मुरू यांच्यासह १९८५ मध्ये लेसरचे स्पंद तीव्र करण्याच्या पद्धतीवर जो पेपर लिहिला, त्यावर पहिले नाव स्ट्रिकलंड यांचे होते आणि २०१८ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता.

प्रकाशनाच्या बाबतीत एकच इशारा पुरेसा आहे. तुमच्या पहिल्या पेपरची स्तुती करणारे आणि काही दिवसांत छापून देण्याचे आश्वासन देणारे पत्र अनोळखी जर्नलकडून आले, तर पैसे भरण्याआधी ते ग्रंथपालांना दाखवावे. खऱ्या तज्ज्ञ-परीक्षणाला, म्हणजे त्याच विषयातील इतर संशोधकांनी पेपर तपासण्याला, बहुधा आठवडे नव्हे तर महिने लागतात, आणि परीक्षकाचे पहिले पत्र जवळजवळ नेहमीच बोचरे असते. ते वाचून एक दिवस बाजूला ठेवावे आणि मग प्रत्येक आक्षेपाला क्रमवार उत्तर लिहायला घ्यावे.

आपण येथे चुकून आलो, असे वाटू लागल्यास

अभ्यासाइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. हुशार विद्यार्थ्यांच्या वर्गात आल्यावर ‘इतर सगळे लायक आहेत, माझीच निवड चुकून झाली आणि हे केव्हातरी उघडकीस येणार’ ही भावना अनेकांच्या मनात घर करते. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून तिचे वर्णन केले आणि तिला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ असे नाव दिले. पुढे ती पुरुषांमध्येही आढळली. जोसेलिन बेल यांनीही पुढे अनेकदा सांगितले आहे की केंब्रिजमधून आपल्याला काढून टाकतील अशी त्यांना भीती वाटत असे, आणि काढले तर निदान कष्टात कसूर नको म्हणून त्या कागदाचा कणन्‌कण तपासत. पण ही भावना सर्वांकडून कष्टच करून घेते असे नाही. बहुतेकांना ती गप्प करते. शंका विचारली तर अज्ञान दिसेल म्हणून विद्यार्थी विचारत नाही, न विचारल्यामुळे मागे पडतो, आणि मागे पडल्यावर आपण अपात्र आहोत हा ग्रह पक्का होतो. हे चक्र तोडायचे तर निदान एका माणसाजवळ ते बोलून दाखवावे. वरच्या वर्षाचा विद्यार्थी त्यासाठी उत्तम, कारण तो बहुधा ‘मलाही तसेच वाटत होते’ असे म्हणतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वर्गात जाणे टळत असेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर मित्राशी बोलून थांबू नये. समुपदेशन केंद्रात वेळ घ्यावी, आणि जीवाला धोका वाटत असेल तर वेळ घेण्याची वाट न पाहता त्याच क्षणी तातडीच्या सेवेला कळवावे. समुपदेशकाशी झालेले बोलणे सामान्यतः विभागाला कळत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल तर तो याला अपवाद असतो, आणि हे अपवाद कोणते ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. पहिल्या भेटीत सगळे नीट मांडता येत नाही अशी धास्ती असेल तर घरूनच चार वाक्ये लिहून न्यावीत: केव्हापासून, काय होते, कशाने वाढते, काय करून पाहिले.

पैसे, मुदतवाढ, अपंगत्व, तक्रार

शुल्क भरण्याची अडचण दिसू लागली की मुदतीच्या आधी विद्यार्थी साहाय्य विभागात जावे. तातडीचा निधी, हप्त्यांची सवलत, परिसरातील अर्धवेळ काम यांपैकी काय उपलब्ध आहे हे एकत्र विचारावे, कारण या गोष्टी बहुधा वेगवेगळ्या खिडक्यांवर असतात आणि एका खिडकीला दुसरीची माहिती नसते.

काम वेळेत होणार नाही असे दिसले तर मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी मुदतवाढ मागावी. पत्रात लांबलचक कारणे नकोत. किती काम झाले, किती राहिले आणि नवी तारीख कोणती, एवढेच लिहावे. शिक्षकाला कारणांपेक्षा नव्या तारखेत रस असतो.

दृष्टी, श्रवण, वाचनातील अडचण, दीर्घकालीन आजार किंवा मानसिक आजार यांमुळे परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक, वेगळी खोली किंवा मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका हवी असेल, तर त्यासाठी कागदपत्रे लागतात आणि ती तपासायला वेळ जातो. म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करावा. ही सवलत म्हणजे मेहेरबानी नाही, हे अर्ज करणाऱ्यानेही मनात पक्के धरावे.

छळ, भेदभाव किंवा मार्गदर्शकांशी न मिटणारा वाद असेल, तर प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तेथे कोण होते याची नोंद त्याच दिवशी करावी. संदेश आणि ई-मेल पुसू नयेत. तक्रार लगेच करायची की नाही हे ठरलेले नसले तरी नोंद सुरू करावी. तक्रारीआधी केवळ सल्ला देणारी, निर्णय न देणारी एखादी निःपक्ष व्यक्ती अनेक विद्यापीठांत नेमलेली असते. तिच्याशी आधी बोलल्यास पुढचे मार्ग आणि त्यांचे परिणाम कळतात. मार्गदर्शक बदलणे शक्य असते, आणि पहिल्या वर्षात ते सर्वांत सोपे असते.

अभ्यासगट

परिसरातील मंडळे, खेळ, नाटक, वादविवाद यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. आवडीचे एक निवडावे आणि सत्रभर टिकवावे. अभ्यासगटाबद्दल मात्र सांगितले पाहिजे, कारण तीन-चार जण एकत्र बसून तेच प्रकरण पुन्हा वाचत असतील, तर त्यात वेळ जातो आणि अभ्यास झाल्याचा भास होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा गटात पुस्तके मिटून एकमेकांना प्रश्न विचारावेत, उत्तर चुकले की तेवढाच भाग उघडून पाहावा, आणि दोन-तीन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

शिफारसपत्र

पुढील शिक्षणासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र मागण्याची वेळ केव्हातरी येतेच. ‘आपण मला चांगले शिफारसपत्र देऊ शकाल का?’ असाच प्रश्न विचारावा, म्हणजे ज्यांना तुमच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही त्यांना सभ्यपणे नकार देता येतो. कोमट शिफारसपत्रापेक्षा असा नकार बरा. किमान तीन-चार आठवडे आधी विचारावे, आणि होकार मिळताच एकाच ई-मेलमध्ये अंतिम तारीख, पत्र कोठे पाठवायचे याची सूचना, तुमचा अर्ज, गुणपत्रक आणि त्यांच्याकडे तुम्ही केलेल्या कामाचे तीन-चार ठळक प्रसंग तारखांसह पाठवावेत. मुदतीच्या एक आठवडा आधी एक आठवण पाठवावी, आणि निकाल लागला की तो काहीही असला तरी त्यांना कळवावा.